पेढी, बँक आणि गुंतवणूक बँक

घरातील मुलगा सनदी लेखापाल होऊन मुंबईस ‘इन्व्हेस्टमेंट बँकेत’ रुजू झाला, की वडीलधारी मंडळी विचारतात, “शाखा कोणती? ठेवीवर व्याज किती?” प्रश्न स्वाभाविक आहे, परंतु ही बँक ठेवी स्वीकारत नाही. ज्यास भांडवल हवे तो उद्योग आणि ज्याच्यापाशी शिल्लक आहे तो गुंतवणूकदार यांची गाठ घालून देणे, हे तिचे मुख्य कार्य. मोंढ्यातील आडत्या शेतकरी आणि खरेदीदार यांच्यामध्ये उभा असतो, तशीच ती उभी असते.

आपल्या शेजारच्या सोलापुरातील जैन कुटुंबात जन्मलेले वालचंद हिराचंद यांनी नरोत्तम मोरारजी प्रभृतींसह 1919 साली सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी स्थापिली. 5 एप्रिल रोजी ‘लॉयल्टी’ हे जहाज मुंबईहून लंडनकडे निघाले. आगबोटींचा धंदा एका घराच्या तिजोरीवर चालत नाही. त्यास भागभांडवल लागते. त्या काळी ते प्रवर्तकांच्या नावलौकिकावर जमत असे. भारतात मर्चंट बँकिंगची सेवा 1967 मध्ये ग्रिंडलेज बँकेने सुरू केली. पुढे 1992 मध्ये सेबीने त्यासाठी नियमावली केली.

या बँकेचे विभाग वेगवेगळे असतात. भांडवल-उभारणी विभाग भाग व रोखे बाजारात आणतो, माहितीपत्रक सिद्ध करतो, किंमत ठरविण्यास साहाय्य करतो. सल्लागार विभाग कंपन्यांचे विलीनीकरण, खरेदी-विक्री व मूल्यांकन पाहतो. या दोघांचे शुल्क कंपनी देते. व्यवहार विभाग मोठ्या ग्राहकांसाठी रोख्यांची खरेदी-विक्री करतो. त्याची मिळकत दलालीत आणि भावातील फरकात असते. संशोधन विभाग भाग घ्यावा की विकावा, याविषयी मत देतो. मालमत्ता व्यवस्थापन विभाग इतरांचा पैसा सांभाळून त्यावर ठराविक टक्केवारी घेतो.

खरी मेख येथेच आहे. एकाच छपराखाली एक विभाग कंपनीकडून शुल्क घेतो आणि दुसरा गुंतवणूकदारास मत देतो. भागविक्रीचे काम मिळावे म्हणून संशोधकांनी अनुकूल मते दिली, या आरोपावरून 2003 मध्ये अमेरिकेतील दहा मोठ्या संस्थांना सुमारे 140 कोटी डॉलरची तडजोड करावी लागली. म्हणूनच या विभागांमध्ये भिंत असावी, असा दंडक आहे.

धाराशिवच्या व्यापाऱ्यास हे दूरचे वाटू नये. 2012 पासून मुंबईच्या दोन्ही शेअर बाजारांत लघु व मध्यम उद्योगांसाठी स्वतंत्र मंच आहे. विक्रीनंतरचे भरणा झालेले भांडवल 25 कोटी रुपयांपर्यंत असलेली कंपनी तेथे येऊ शकते. मर्चंट बँकरला अशा विक्रीच्या किमान 15 टक्के भागाची हमी स्वतःच्या नावावर घ्यावी लागते. उद्या आपल्यापैकी कोणाची डाळ मिल तेथे जाईल, किंवा कोणी अशा भागांत बचत घालील. दोन्ही प्रसंगी माहितीपत्रकातील दोन पाने अवश्य वाचावीत: पैसा कशासाठी उभारला जात आहे, आणि सल्लागारास किती शुल्क मिळणार आहे.

आडत्याची पट्टी तपासल्याविना आपण मोंढा सोडत नाही. तोच बाणा येथेही ठेवावा.