ठिणगी न पाडणारा हातोडा

तांब्याचा हंडा हातून निसटला की त्याला पोचा येतो. अशा मऊ धातूचा हातोडा कोणी करील काय? परंतु तेलशुद्धीकरणाच्या कारखान्यांत असे ओतीव हातोडे खरोखरच वापरतात. त्यांच्या धातूत शेकडा सुमारे २ भाग बेरिलियम, अर्धा भाग कोबाल्ट व पाव भाग सिलिकॉन असते; बाकी सारे तांबेच. बेरिलियमचा शोध व्होकलँ या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १७९८ साली लावला. आपला पाचू हा बेरिल या त्याच्याच खनिजाचा एक प्रकार होय.

लोहार तापलेले पोलाद पाण्यात बुडवितो, म्हणजे ते कठीण होते. येथे मात्र उलटेच घडते! सुमारे ८०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून पाण्यात बुडविलेला हा मिश्रधातू मऊच राहतो. मग तो ३३० अंशांच्या आसपास ३ तास ठेवला, की तांब्यात मिसळून गेलेले बेरिलियम अतिसूक्ष्म कणांच्या रूपाने वेगळे होऊ लागते. हे कण तांब्याच्या थरांना एकमेकांवरून सहज सरकू देत नाहीत आणि मऊ तांबे पुष्कळशा पोलादांच्या तोडीचे होते.

लोखंडावर लोखंड आदळले, तर उडालेला कण हवेत पेटतो. ज्वालाग्राही वायूजवळ तेवढी ठिणगीही घातक ठरते. तांब्याचा कण तसा पेटत नाही.

हे हातोडे घडविणाऱ्या कामगारांना मात्र निराळेच भय असते. धातू वितळविताना निघणारा धूर व घासताना उडणारी धूळ श्वासावाटे आत गेल्यास फुप्फुसांना असाध्य विकार जडू शकतो. म्हणून ती धूळ जागच्या जागी ओढून घेणारी यंत्रे तेथे बसवावी लागतात. तयार हातोडा हाती धरण्यास मात्र काहीच धोका नसतो.