डोह, ठाव आणि फुगवटा : पुणे परिसरातील पोहण्याच्या जागांची परिभाषा

उन्हाळा आला म्हणजे पुण्यातील तरुण मंडळी पोहण्यासाठी शहराबाहेरच्या पाण्याकडे धाव घेतात, आणि चैत्र-वैशाखात कोणी ना कोणी बुडाल्याची वार्ता वृत्तपत्रांत येते. या घटनांचा विचार सामान्यतः शिस्त, बंदोबस्त आणि पोहण्याचे शिक्षण या अंगांनी केला जातो, व ते योग्यच होय. परंतु या प्रश्नाला भाषेचेही एक अंग आहे. पाण्यात उतरणाऱ्याला त्या पाण्याविषयी काय ठाऊक असते, हे पुष्कळ अंशी त्या पाण्याला कोणत्या नावाने ओळखले जाते यावर अवलंबून असते. प्रस्तुत लेखात पुणे परिसरापुरती ही नावे तपासून पाहावयाची आहेत.

१. नदीचे शब्द

प्रथम 'डोह' हा शब्द घेऊ. संस्कृत 'ह्रद' शब्दातील वर्णांचा विपर्यय होऊन प्राकृतात 'द्रह', 'दह' अशी रूपे झाली. मराठी 'डोह' त्याच कुळातील आहे, आणि वृंदावनातील 'कालीदह' हे नाव त्याचे उत्तरेकडील भावंड होय. डोह म्हणजे केवळ खोल पाणी नव्हे. वाहत्या नदीच्या पात्रात जेथे तळ एकाएकी खाली जातो, पाणी वरून संथ दिसते आणि उन्हाळ्यात बाकीचे पात्र आटले तरी जेथे पाणी टिकते, ती जागा डोह. देहूजवळ इंद्रायणीत तुकोबांच्या गाथेची कथा ज्या पाण्याशी जोडलेली आहे, त्यालाही डोहच म्हणतात.

'कुंड' आणि 'रांजणखळगा' हे शब्द याहून निराळ्या रचनेचा बोध करून देतात. दख्खनच्या काळ्या कातळात पाण्याबरोबर गरगरणारे दगडगोटे खळगे कोरतात. कुकडी नदीच्या पात्रातील निघोजचे रांजणखळगे प्रसिद्धच आहेत. येथे रांजणाची उपमा केवळ शोभेची नाही. तोंड अरुंद, पोट फुगीर आणि भिंती गुळगुळीत, म्हणजेच आत पडणे सोपे आणि वर येणे कठीण, हा सर्व अर्थ त्या एका शब्दात साठविलेला आहे. तळेगावजवळ इंद्रायणीच्या काठी असलेल्या कुंडमळ्याचे नाव १५ जून २०२५ रोजी तेथील लोखंडी पूल कोसळला तेव्हा सर्वतोमुखी झाले. त्या नावातील 'कुंड' हे पद मात्र किती जणांनी अर्थासह वाचले असेल, याची शंका वाटते.

'भोवरा' (मूळ 'भ्रमर'), 'कपार' आणि 'ओढ' हे शब्दही याच वर्गातील. "पाण्याला ओढ आहे" या साध्या वाक्यात प्रवाहाच्या वेगाचे वर्णन आहे. परंतु ते पाण्याच्या बाजूने केलेले नाही, ओढल्या जाणाऱ्या देहाच्या बाजूने केलेले आहे.

२. देहाचे माप

ही देहनिष्ठता खोलीच्या शब्दांत अधिकच स्पष्ट दिसते. पाणी घोट्याइतके, गुडघाभर, कंबरभर, छातीभर, गळ्याइतके असते. त्यापुढे ते 'परसा'ने मोजतात. 'परस' हा 'पुरुष' शब्दाचा अवतार होय. "विहिरीत तीन परस पाणी आहे" असे म्हणताना खेड्यातील माणूस एकावर एक उभी राहिलेली तीन माणसेच जणू डोळ्यांसमोर आणतो.

या सर्व मापांचा केंद्रबिंदू 'ठाव' हा आहे. संस्कृत 'स्थामन्'शी नाते सांगणाऱ्या या शब्दाचा सामान्य अर्थ 'जागा' असा असला, तरी पाण्याच्या संदर्भात त्याचा अर्थ 'पाय टेकण्याची जागा' असा होतो. ठाव लागतो किंवा लागत नाही. पोहता न येणाऱ्याच्या दृष्टीने जीव आणि मृत्यू यांमधील सीमा हीच. मनाचा ठाव लागत नाही असे आपण आज सहज म्हणतो, पण त्यामागे पाण्यात पाय चाचपणारा माणूस उभा आहे, हे विसरून जातो. 'पायउतार' शब्दाचीही तीच अवस्था झाली आहे. आज आपल्याला पदावरून पायउतार होणारे पुढारीच तेवढे आठवतात. नदी पायी ओलांडण्याजोगी झाली म्हणजे ती पायउतार झाली, हा अर्थ मागे पडला. 'उतार', 'तरणे' आणि 'तीर्थ' हे तिन्ही शब्द 'तॄ' या एकाच धातूपासून निघाले आहेत. तीर्थ म्हणजे मुळात पाण्यात उतरण्याची, पार होण्याची सोयीची जागा. धार्मिक अर्थ त्यावर पुढे चढला.

विहिरीवर पोहणे शिकणाऱ्या मुलाच्या पाठीला वाळलेला भोपळा बांधीत, कमरेला दोर लावीत, आणि सूर मारणे, बुडी घेणे, तळ गाठणे या क्रमाने शिक्षण चाले. त्या क्रमाबरोबर हे शब्दही त्याच्या अंगवळणी पडत. शब्द आणि कौशल्य एकाच शाळेत मिळत होते.

३. धरणाचे शब्द

आजचा पुणेकर तरुण पोहण्यासाठी शहरातील मुठेत उतरत नाही; सांडपाण्याने ती त्या योग्यतेची उरलेली नाही. तो खडकवासल्याच्या वा त्यावरील पानशेत-वरसगावच्या पाण्याकडे वळतो. येथे परिभाषा पालटते. जलाशय, फुगवटा, सांडवा, विसर्ग, आवर्तन हे शब्द अभियंत्याच्या व प्रशासकाच्या गरजेतून घडलेले आहेत. पाणी किती साठले, किती सोडले आणि कोणाला किती दिवस द्यावयाचे, हे ते अचूक सांगतात. पाय कोठे टेकेल, हे सांगणे त्यांचे कामच नव्हे.

'फुगवटा' हा शब्द या दृष्टीने विचार करण्याजोगा आहे. धरणाच्या भिंतीमागे पाणी फुगून ज्या जमिनीवर पसरते, त्या जमिनीवर पूर्वी शेते होती, बांध होते, ताली होत्या आणि मधून नदीचे खोल पात्र वाहत होते. पाणी चढले तरी हे सर्व चढउतार तळाशी राहिले. वर मात्र एकसारखा शांत पृष्ठभाग दिसतो. गुडघाभर पाण्यातून चालत जाणारा माणूस एका पावलात बुडालेल्या काठावरून जुन्या पात्रात जातो. डोह नाहीसा झालेला नाही; त्याचे नाव तेवढे बुडाले आहे. शिवाय उन्हाळ्यात वरचे पाणी उबदार व खालचे थंड राहते, आणि तळाशी साचलेल्या गाळात पाय रुततो. तरुणांच्या बोलण्यात आता 'फुगवटा'ही उरला नाही. 'बॅकवॉटर' आणि 'स्पॉट' हे दोन शब्द सर्व पाण्यांना पुरतात. आणि जो शब्द सर्वांना पुरतो, तो कोणाचेच लक्षण सांगत नाही.

कालव्याची गोष्ट याहून थोडी निराळी. 'कालवा' हा कन्नड 'कालुवे', तेलुगू 'कालुव' यांचा सोदर शब्द. खडकवासल्याहून निघालेला मुठा उजवा कालवा शहराच्या मध्यातून जातो, आणि आवर्तन सुरू असताना त्याला जबर ओढ असते. नदीला घाट असतो, म्हणजे उतरण्याची व निघण्याची वाट असते. अस्तर केलेल्या कालव्याच्या उतरत्या, शेवाळलेल्या भिंतीला हात धरण्याजोगे काही नसते.

नव्या पाण्यांपैकी पोहणाऱ्याच्या प्रश्नाचे उत्तर देणारे एकच आहे, ते म्हणजे जलतरण तलाव. तेथे खोली काठावर आकड्यांत लिहिलेली असते. परसाची जागा मीटरने घेतली, इतकाच फरक.

४. एक आक्षेप

जुने शब्द जाणणारे लोक बुडत नव्हते काय, असे कोणी विचारील. ते बुडत होते. डोहाच्या काठी शेंदूर लावलेले साती आसरांचे दगड ('आसरा' म्हणजे अप्सरा) त्याची साक्ष देतात. या श्रद्धेचा अर्थ केवळ धोक्याच्या सूचनेपुरता मर्यादित करणे योग्य होणार नाही. तथापि येथील पाणी माणूस ओढते, ही माहिती तिने पिढ्यानुपिढ्या जागच्या जागी टिकवून ठेवली, हे नाकारता येत नाही. शब्द माणसाला वाचवीत नाही. तो वेळेवर थांबण्याचे कारण पुरवितो.

यावरून दोन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली विद्यार्थ्यांसाठी. बोलींच्या पाहणीस जाताना नदीकाठच्या व धरणग्रस्त गावांतील वृद्धांकडून पाण्याच्या जागांची नावे नोंदवावीत, आणि प्रत्येक नावापुढे तळ, ओढ, उतरण्याची वाट व निघण्याची वाट ही चार उत्तरे लिहावीत. पाण्याखाली गेलेल्या जागांची नावे तर प्रथम नोंदविली पाहिजेत, कारण ती आता केवळ स्मरणातच आहेत. दुसरी गोष्ट सूचनाफलक लिहिणाऱ्यांसाठी. "येथे पोहण्यास सक्त मनाई आहे" हे वाक्य आज्ञा देते, माहिती देत नाही. आणि अठरा वर्षांच्या मुलाला आज्ञा मोडण्यात मौज वाटते. त्याऐवजी "काठापासून दहा पावलांवर जुने पात्र आहे; पुढे ठाव नाही" असे लिहिले, तर तेवढ्याच फळीवर तेवढ्याच खर्चात त्याच्या हाती काही ज्ञान पडेल.