नवी राइड पाहायला सिंगापूरला जाताना

युनिव्हर्सल स्टुडिओज सिंगापूरचे दरवाजे १८ मार्च २०१० रोजी उघडले, तेव्हा जो तो एकाच राइडबद्दल बोलत होता : ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’. लाल आणि निळ्या रुळांच्या दोन रोलर कोस्टर, शेजारी शेजारी सुटणाऱ्या आणि हवेत एकमेकींच्या अंगावर येऊन ऐनवेळी वळणाऱ्या. उंची साडेबेचाळीस मीटर, बांधणी ‘वेकोमा’ या डच कंपनीची. पण आठवडाभरातच एका आसनात बिघाड आढळला आणि दोन्ही कोस्टर थांबवाव्या लागल्या. त्या पुन्हा धावल्या फेब्रुवारी २०११ मध्ये. जुलै २०१३ मध्ये त्या आणखी एकदा बंद झाल्या आणि मे २०१५ मध्ये परतल्या, तेव्हा चौघांच्या डब्यांच्या जागी दोघांचे डबे आले होते.

कोणत्याही नव्या राइडच्या मुहूर्तावर नजर ठेवून घरची सहल ठरवणाऱ्याने ही हकिकत आधी लक्षात घ्यावी. राइड बंद ठेवली याचा अर्थ तपासणी चोख आहे, आणि ते चांगलंच आहे. मात्र मुलांना ‘तीच’ राइड दाखवायचा शब्द देऊन चार-पाच जणांची विमानाची तिकिटं काढली असतील, तर बंद फाटकापुढे उभ्या राहिलेल्या मुलाची समजूत काढणं फार अवघड जातं.

सध्या या उद्यानातलं नवं आकर्षण म्हणजे १४ फेब्रुवारी २०२५ रोजी खुलं झालेलं ‘मिनियन लँड’. त्याची घोषणा झाली होती एप्रिल २०१९ मध्ये. त्यासाठी जुना मादागास्कर विभाग मार्च २०२२ च्या अखेरीस कायमचा बंद करण्यात आला. म्हणजे घोषणेपासून प्रत्यक्ष दार उघडेपर्यंत जवळपास सहा वर्षं गेली. त्याच घोषणेतलं दुसरं आश्वासन ‘सुपर निन्टेंडो वर्ल्ड’चं, आणि त्याची वाट पाहणारी मुलं आपल्याकडेही घरोघरी आहेत. या विभागाची जपानमधली आवृत्ती ओसाकात ४ फेब्रुवारी २०२१ रोजी उघडणार होती; करोनामुळे ती १८ मार्चवर गेली. तिथलाच ‘डाँकी काँग’चा भाग २०२४ च्या वसंतात येणार होता, तो ११ डिसेंबर २०२४ रोजी सुरू झाला. जाहीर झालेल्या तारखा पुढे सरकतात, हा या उद्योगाचा नेहमीचा अनुभव आहे. म्हणून माझं मत स्पष्ट आहे : उद्घाटनाच्या आठवड्यात घरच्यांना घेऊन जाऊ नये. निदान तीन-चार महिने जाऊ द्यावेत. तोवर यंत्रांच्या सुरुवातीच्या तक्रारी बऱ्याच दूर झालेल्या असतात, कर्मचाऱ्यांचा हात बसलेला असतो आणि पहिल्या लाटेतली स्थानिक गर्दीही ओसरू लागते.

हे उद्यान आहे सेंटोसा बेटावर. एके काळी ही ब्रिटिशांची लष्करी छावणी होती. पश्चिम टोकावरच्या सिलोसो किल्ल्यात त्या काळच्या तोफा आजही पाहता येतात. १९७० च्या दशकात बेट पर्यटनासाठी राखलं गेलं, आणि पुढे ‘रिसॉर्ट्स वर्ल्ड सेंटोसा’ या संकुलाबरोबर युनिव्हर्सल आलं. उद्यानाचा आकार सुमारे वीस हेक्टर, म्हणजे आपल्या हिशेबाने पन्नासेक एकर. मधोमध तळं आणि त्याभोवती सारे विभाग गोलाकार मांडलेले. अमेरिकेतल्या उद्यानांच्या मानाने हे लहान आहे, आणि आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत सगळे मिळून जाणाऱ्या कुटुंबाला हा लहानपणाच सोयीचा पडतो. चुकामूक झाली तरी माणसं तळ्याला वळसा घालून भेटतात, आणि एका दिवसात सगळं नीट पाहून होतं.

आत शिरताच हॉलिवूडचा रस्ता लागतो. त्याच्या एका हाताला मिनियन लँड आणि दुसऱ्या हाताला न्यू यॉर्क. मिनियन लँड दाराजवळच असल्यामुळे सकाळी बहुतेक लोंढा तिकडेच वळतो. डांगरी घातलेल्या, अगम्य बडबड करणाऱ्या त्या पिवळ्या मंडळींचा इथे बाजार आहे, त्यांच्या मालकाचं, ग्रूचं, घर आहे आणि त्यांच्या चित्रपटातली जत्राही आहे. मुख्य राइड ‘मिनियन मेहेम’ बंदिस्त दालनात आहे. पडद्यावरच्या धावपळीबरोबर आसनं हलतात आणि प्रेक्षकाला मिनियन बनवून घेतलं जातं. ही राइड ऑर्लँडोमध्ये २०१२ पासून आहे, त्यामुळे अमेरिका पाहिलेल्यांना ती नवी वाटणार नाही. ‘बगी बूगी’ हे नाचतं फिरतं चक्र मात्र खास सिंगापूरसाठी घडवलेलं आहे, इतरत्र ते नाही. एक गोष्ट मनाला लागते. मादागास्कर विभागात अगदी लहानांना जवळ बसवून नेता येईल अशी संथ होडीची राइड होती. ती आता गेली.

आता उंचीबद्दल सविस्तर सांगतो, कारण घरच्या सहलीचा बेत बहुधा इथेच फसतो. निघण्यापूर्वी मुलांना भिंतीला टेकवून, बूट काढून मोजा आणि आकडा सेंटिमीटरमध्ये लिहून ठेवा. डायनासोरांच्या विभागातल्या ‘कॅनपी फ्लायर’ला किमान ९२ सेंटिमीटर लागतात. ‘मिनियन मेहेम’ आणि ‘ट्रान्सफॉर्मर्स’ला १०२. ‘जुरासिक पार्क रॅपिड्स’च्या गोल तराफ्यात बसायला १०७, ‘मम्मी’च्या अंधारातल्या कोस्टरला १२२ आणि गॅलॅक्टिकाला १२५. राइडच्या तोंडाशी मोजपट्टी असते. तिथला कर्मचारी नम्रपणे, पण ठामपणे नाही म्हणतो. विनवणीचा उपयोग होत नाही आणि होऊही नये. दोन भावंडांपैकी एकालाच आत जाता येणार असेल, तर ते त्याला घरीच सांगून टाकावं. धाकट्याला एकटं ठेवता येत नाही, म्हणून आई-बाबांनी आळीपाळीने राइड घ्यायची सोयही इथे आहे. सगळ्यांनी एकदाच रांग लावायची, एक पालक मुलाजवळ थांबतो, आणि पहिला परतला की दुसरा पुन्हा रांग न लावता आत जातो. ही सोय आपणहून विचारावी लागते.

सकाळी कुठून सुरुवात करायची, हे उंचीवर आणि पावसावर ठरतं. सिंगापूर विषुववृत्ताला लागून आहे. दुपारनंतर विजांसह सरी कोसळणं तिथे रोजचंच, आणि विजा चमकू लागल्या की उघड्यावरच्या राइड थांबवतात. मुलं मोठी असतील तर दार उघडताच मिनियनकडे पाठ करून न्यू यॉर्कवरून थेट साय-फाय सिटी गाठावी. गॅलॅक्टिका सकाळच्या कोरड्या हवेत उरकावी, शेजारची ‘ट्रान्सफॉर्मर्स’ घ्यावी. ही राइड जगात सर्वांत आधी, डिसेंबर २०११ मध्ये, इथेच सुरू झाली आणि आजही ती या उद्यानातली सर्वोत्तम आहे असं मला वाटतं. मिनियन मेहेम छताखाली आहे, ती पावसाच्या वेळेसाठी राखता येते. घरात सगळी सहा-सात वर्षांखालची असतील तर मात्र उलट करावं; मिनियन लँड आधी, कारण दुपारच्या लांबलेल्या रांगेत त्या वयाची मुलं टिकत नाहीत. राइड न घेणाऱ्या ज्येष्ठांसाठी ‘वॉटरवर्ल्ड’चा थरारक प्रयोग आहे. पुढच्या बाकांवर पाणी उडतं, तेव्हा मागे बसावं.

सुट्ट्यांचं गणित आपल्या बाजूने आहे. सिंगापूरच्या शाळांना मोठी सुट्टी मेअखेर ते जूनअखेर असते, आणि नोव्हेंबरच्या उत्तरार्धापासून वर्षाखेरपर्यंत. महाराष्ट्रातली मुलं मेच्या सुरुवातीलाच मोकळी होतात. म्हणून मेचे पहिले तीन आठवडे आणि त्यातही मंगळवार ते गुरुवार हे दिवस धरावेत. फक्त १ मे आणि वेसाक, म्हणजे तिथली बुद्धपौर्णिमा, या सार्वजनिक सुट्ट्या टाळाव्यात. दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी आणखी एक पाहावं. सप्टेंबरअखेरीपासून नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत काही रात्री हॅलोविनचा भीतिदायक कार्यक्रम वेगळ्या तिकिटावर असतो, आणि त्या दिवशी उद्यान नेहमीच्या पाहुण्यांसाठी लवकर बंद होतं. पैसे तेवढेच, वेळ कमी.

बाकी व्यवस्था सोपी आहे. मुंबईहून थेट विमान साडेपाच तासांच्या आसपास घेतं, घड्याळ अडीच तास पुढे जातं. बरीच विमानं रात्रीची असतात, त्यामुळे पोहोचलेल्या दिवशीच उद्यानाचं तिकीट काढू नये. व्हिसा अधिकृत एजंटामार्फत काढावा, आणि पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत आगमनाचा अर्ज ऑनलाइन भरावा. तो मोफत असतो. राहायला लिटिल इंडिया सोयीचं. तिथून जांभळी मेट्रो थेट हार्बरफ्रंटला नेते, पुढे व्हिवोसिटी मॉलच्या तिसऱ्या मजल्यावरून सेंटोसाची मोनोरेल मिळते. शाकाहारी मंडळींना सेरंगून रोडवरचं १९४७ पासूनचं ‘कोमल विलास’ जवळ पडतं. उद्यानात प्राचीन इजिप्तच्या विभागातल्या ‘ओॲसिस स्पाइस कॅफे’त भारतीय पदार्थ मिळतात. चार वर्षांखालच्या मुलांना प्रवेश मोफत आहे. जादा पैसे मोजून रांग टाळणारा ‘एक्स्प्रेस’ पास गर्दीच्या दिवशी कामाचा ठरतो. मेमधल्या साध्या बुधवारी तो घेण्याची सहसा गरज नाही.

सुपर निन्टेंडो वर्ल्डची तारीख जाहीर होईल तेव्हा घरात मुलं गलका करतील. तेव्हाही विमानाचं तिकीट लगेच काढू नका. विभाग सुरू होऊन एक हंगाम जाऊ द्या. आणि केव्हाही जायचं ठरलं, तरी कोणत्या राइड देखभालीसाठी कोणत्या तारखांना बंद राहणार, हे उद्यान आपल्या संकेतस्थळावर आधी कळवतं. ते पान वाचल्याशिवाय पैसे भरू नका.