दैवानें नेमलेला जोडीदार

मुंबई-पुण्याच्या इंग्रजी पुस्तकांच्या दुकानांत अलीकडे एका विशिष्ट जातीच्या कादंबऱ्या ठळकपणें मांडलेल्या दिसतात. पुस्तकें जाडजूड, पांचशें-सहाशें पानांचीं. मुखपृष्ठावर चंद्र, कांटेरी वेल, एखादा लांडगा किंवा नुसताच मुकुट. घरांतील सतरा-अठरा वर्षांची मुलगी असलें पुस्तक दोन रात्रींत संपवते आणि तिसऱ्या दिवशीं त्याचा पुढचा भाग मागते. वडील मंडळी मात्र मलपृष्ठावरचा मजकूर वाचून बुचकळ्यांत पडतात. रक्त पिणारा नायक, लांडग्याचें रूप घेणारा नायक, पंख असलेला नायक, आणि अशा नायकाच्या नशिबीं लिहिलेली एक साधीसुधी मानवी मुलगी! हें वाङ्मय आहे तरी काय, तें आलें कोठून, आणि वाचणारीच्या मनावर तें काय परिणाम करीत असेल, असे प्रश्न अनेक सुशिक्षित घरांतून विचारले जातात. ते हंसण्यावारी नेण्यासारखे नाहींत.

या कादंबऱ्यांना इंग्रजींत 'पॅरानॉर्मल रोमान्स' म्हणतात. 'अद्भुत प्रणयकथा' म्हटल्यास अर्थ बराचसा येतो. अलीकडे 'रोमँटसी' असा एक जोडशब्दही रूढ झाला आहे. तो कानाला गोड नाहीं, पण चालतो. कथेचा सांगाडा बहुधा ठरलेला असतो. नायक मनुष्ययोनींतला नसतो. त्याचें आयुष्य शेंकडों वर्षांचें, सामर्थ्य अफाट, स्वभाव एकलकोंडा. त्याच्या जातीचा असा नियम कीं, प्रत्येकाला दैवानें एकच जोडीदार नेमून दिलेला असतो. तो जोडीदार भेटला कीं गंधावरून, स्पर्शावरून किंवा छातींत अकस्मात् बसलेल्या ओढीवरून ओळख पटते, आणि तो बंध मग सहसा तुटत नाहीं. अशा जोडीदाराला 'फेटेड मेट' म्हणतात. 'मेट' हा शब्द पशुपक्ष्यांच्या जोडीलाही लावला जात असल्यामुळें अर्ध्या पशूच्या तोंडीं तो चपखल बसतो.

या नायकाची वंशावळ पाहूं गेल्यास ती दोन घराण्यांकडे जाते. एक घराणें भयकथेचें. जॉन पॉलिडोरी यांनीं १८१९ सालीं प्रसिद्ध झालेली 'द व्हॅम्पायर' ही कथा लिहून रक्तपिपासु पिशाचाला उमरावाचा पोशाख चढविला. ब्रॅम स्टोकर यांच्या 'ड्रॅक्युला'नें १८९७ सालीं तो जगभर पोंचविला. पण तेथें तो शत्रु होता. शेवटीं त्याला मारावयाचेंच असे. दुसरें घराणें परीकथेचें. सुंदर मुलगी आणि शापित पशु यांची फ्रेंच कथा मादाम द व्हिलन्यूव्ह यांनीं १७४० सालीं विस्तारानें लिहिली आणि मादाम ल प्रॅन्स द बोमाँ यांनीं १७५६ सालीं ती आटोपशीर केली. तेथें पशूला मारावयाचें नसून त्याच्यावर प्रेम करावयाचें होतें. आजच्या अद्भुत प्रणयकथेनें पहिल्या घराण्यांतला नायक उचलला आणि त्याला दुसऱ्या घराण्यांत दत्तक दिला, एवढेंच खरें तर घडलें आहे.

क्रिस्टीन फीहान या अमेरिकन लेखिकेची 'डार्क प्रिन्स' ही कादंबरी १९९९ सालीं निघाली. तिच्यांतील कार्पेथियन नांवाच्या जातीच्या पुरुषांना दीर्घ आयुष्य लाभतें खरें, पण काळ लोटतो तसे त्यांना रंग दिसेनासे होतात आणि भावना आटून जातात. नेमलेली सहचरी भेटली म्हणजे हिरवें पुन्हां हिरवें दिसूं लागतें. कल्पना म्हणून ही सुंदर आहे, हें टीकाकारांनींही मान्य करावें. पुढें २००५ सालीं स्टेफनी मायर यांची 'ट्वायलाइट' आली, २००८ पर्यंत तिचे चार भाग झाले, त्याच वर्षीं पहिला चित्रपट निघाला, आणि तोंवर एका कोपऱ्यांत असलेला हा प्रकार घरोघरीं शिरला.

मराठी घराला ही कल्पना अगदींच परकी वाटण्याचें मात्र कारण नाहीं. लग्नाच्या गांठी वर बांधलेल्या असतात असें म्हणणारी आजी आणि पत्रिका मांडून गुण मोजणारे आजोबा, हीं दोघें दैवनियुक्त जोडीदारावर विश्वास ठेवणारींच. लग्न जमावें म्हणून मुलींनीं एकनाथांच्या 'रुक्मिणीस्वयंवरा'चें पारायण करण्याची चाल महाराष्ट्रांत जुनी आहे. ग्रंथाच्या योग्यतेची येथें तुलना नाहीं. तुलना आहे ती पोथी उघडून बसलेल्या मुलीच्या मनाची. सोमदेवाच्या 'कथासरित्सागरां'त नरवाहनदत्ताला विद्याधरी मिळतात त्या दैवयोगानेंच. आणि मराठी कादंबरीचें बालपण तर याच मांडीवर गेलें. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची 'मुक्तामाला' १८६१ सालची, नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' १८६८ सालची. त्या काळच्या वाचकांनीं असलीं अद्भुतरम्य पुस्तकें आवडीनें वाचलीं आणि विद्वानांनीं त्यांवर नाकें मुरडलीं. हरि नारायण आपटे यांच्या कादंबऱ्यांनीं मराठी वाचकाला पुढें वास्तवाकडे वळविलें, तरी अद्भुताची भूक त्यामुळें मेली असें नाहीं.

तथापि एक फरक आहे, आणि तो महत्त्वाचा आहे. पत्रिका वडील मंडळी पाहतात. येथें दैवाची साक्ष थेट नायक-नायिकेच्या शरीराला मिळते. ज्योतिषी नाहीं, मध्यस्थ नाहीं, देण्याघेण्याची याद नाहीं, गोत्राचा प्रश्न नाहीं. नायकाचें सबंध कुळ विरोधांत उभें राहिलें तरी त्या बंधापुढें कोणाचें कांहीं चालत नाहीं. ज्या मुलीचें लग्न दहा जणांच्या संमतीनें ठरावयाचें असतें, तिला ही कल्पना किती मोकळा श्वास देत असेल, हें वडिलांनीं क्षणभर ध्यानांत घ्यावें. शिवाय नायिका बहुधा दिसावयास बेताची आणि घरांतल्या कामानें पिचलेली असते. आणि तीन शतकें जगलेला तो पुरुष तिच्याच वाटेकडे डोळे लावून बसलेला असतो.

शेवट ठाऊक असतांना सहाशें पानें वाचावयाचीं कशाला, असाही आक्षेप घेतला जातो. त्याचें उत्तर कीर्तनांत आहे. बुवा रुक्मिणीस्वयंवराचें आख्यान लावतात तेव्हां श्रीकृष्ण वेळेवर येणार कीं नाहीं याविषयीं श्रोत्यांपैकीं कोणालाच शंका नसते. तरी रुक्मिणीचें पत्र निघालें कीं सभा सरसावून बसते. जॅनिस रॅडवे या अमेरिकन अभ्यासक बाईंनीं प्रणयकादंबऱ्या नेमानें वाचणाऱ्या गृहिणींशीं बोलून १९८४ सालीं एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांतील वाचक स्त्रियांचें म्हणणें फार बोलकें होतें. शेवट गोड आहे याची खात्री त्यांना आधीं हवी असे. आणि पुस्तक उघडून बसणें म्हणजे दिवसांतला तेवढा वेळ नवऱ्याचा नव्हे, मुलांचा नव्हे, आपला, असें त्या मानीत. हातांत पुस्तक असलेल्या बाईला कोणी चहा करावयास सांगूं नये, इतकाच अर्थ त्यांत कित्येकदां असतो.

येथवर सर्व ठीक. खरा आक्षेप निराळाच आहे. दैवानें जोडी ठरविली म्हटल्यावर मुलीच्या होकाराला किंमत काय उरली? नायक तिच्या खिडकीखालीं रात्रभर उभा राहतो, तिनें कोणाशीं बोलावें हें ठरवितो, तिला उचलून आपल्या वाड्यांत नेतो; आणि हें सर्व 'बंधा'च्या नांवाखालीं क्षम्य ठरतें. हीच वागणूक शेजारच्या गल्लींतल्या तरुणानें केली तर चौकींत तक्रार द्यावी लागेल.

या दांडगाईला पशुस्वभावाचा आधार देण्याची रीत आहे. लांडगा-नायक बहुधा 'आल्फा', म्हणजे कळपाचा म्होरक्या असतो. तो हुकूम सोडतो, मत्सर करतो, गुरगुरतो, आणि जातीचा स्वभाव म्हणून लेखिका त्याला माफ करते. त्यामागचें शास्त्र मात्र कच्चें आहे. रुडॉल्फ शेंकेल यांनीं १९४७ सालीं बाझेलच्या प्राणिसंग्रहालयांतील लांडग्यांविषयीं आपलीं निरीक्षणें प्रसिद्ध केलीं. कोंडलेले ते प्राणी वर्चस्वासाठीं झगडत असत. एल. डेव्हिड मेक यांच्या १९७० सालच्या 'द वुल्फ' या ग्रंथानें म्होरक्याची ही कल्पना दूरवर नेली. पुढें त्याच मेक यांनीं रानांतले लांडगे वर्षानुवर्षें पाहिले आणि १९९९ सालीं स्वतःच तिची दुरुस्ती केली : मोकळ्या रानांतला कळप म्हणजे बहुधा आई, बाप आणि त्यांचीं पिल्लें असें एक कुटुंब, म्होरकेपण मिळतें तें लढून नव्हे, तर आईबाप झाल्यामुळें. बहुतेक कादंबऱ्यांच्या कानांवर ही दुरुस्ती अद्याप गेलेली दिसत नाहीं.

'ट्वायलाइट'च्या मालिकेंत लांडग्याचें रूप घेणाऱ्या तरुणांना 'इम्प्रिंटिंग' होतें, म्हणजे एका मुलीची प्रतिमा मनावर कायमची उमटते. हा शब्द प्राणिशास्त्रांत रूढ झाला तो कोनराड लोरेन्झ यांच्या अभ्यासामुळें. कलहंसाचें पिल्लू अंड्यांतून बाहेर पडल्यावर जें हलतें प्रथम दिसेल त्यालाच आई समजून त्याच्या मागें चालूं लागतें. मग ती आई असो कीं दाढीवाला शास्त्रज्ञ असो. पिल्लाला येथें निवड नाहीं. मायर यांच्या चौथ्या भागांत तर जेकब नांवाच्या तरुणाच्या मनावर नुकत्याच जन्मलेल्या बालिकेचा ठसा उमटतो. ती मोठी होईपर्यंत तो भाऊ होऊन तिचें रक्षण करील, असा खुलासा लेखिका करते; पुष्कळ वाचकांना तो पटला नाहीं, आणि पटूं नये हेंच योग्य.

परंतु या प्रकारांतल्या चांगल्या लेखिकांना हा आक्षेप ठाऊक आहे, आणि त्यांचें कौशल्य त्याला उत्तर देण्यांतच दिसतें. फिजींत जन्मलेल्या व न्यूझीलंडमध्यें वाढलेल्या नलिनी सिंग यांनीं २००६ सालीं 'स्लेव्ह टु सेन्सेशन' या कादंबरीनें एक दीर्घ माला सुरू केली. तिच्यांत बिबट्यांचा आणि लांडग्यांचा समाज आहे, तसाच भावना मारून टाकणें हाच धर्म मानणारा मनोबली लोकांचा समाजही आहे. तेथें पुरुषाला ओढ कितीही वाटो, बंध पुरा होतो तो स्त्रीनें स्वीकारल्यावरच.

सारा जे. मास यांनीं आणखी पुढचें पाऊल टाकलें. त्यांच्या मालेंत पहिल्या भागाचा नायक हा नेमलेला जोडीदार नसतोच. ती गोष्ट २०१६ सालच्या दुसऱ्या भागांत उघड होते. बंध नाकारण्याची मोकळीक तेथें आहे. आणि स्वीकारावयाचा तर स्त्रीनें आपल्या हातानें त्या पुरुषापुढें अन्न ठेवावयाचें. कांदेपोह्यांची बशी घेऊन बाहेर येणाऱ्या मराठी मुलीला या विधीचें नवल वाटणार नाहीं. फरक इतकाच कीं, येथें बशी ठेवावयाची कीं नाहीं हें तिनें ठरवावयाचें असतें. त्याच कथेंतील नायकाचे आईबाप दैवानें नेमलेले जोडीदार असूनही त्यांचें एकमेकांशीं पटलें नव्हतें, असें लेखिका सांगते. छत्तीस गुण जुळूनही न जमलेले संसार पाहिलेल्या वडील मंडळींना ही जागा वाचून या प्रकाराविषयीं थोडा आदर वाटूं लागेल.

खरें पाहतां हा होकार-नकाराचा प्रश्न आपल्याकडे फार पूर्वींच विचारला गेला आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांतील पंचाण्णवावें सूक्त म्हणजे पुरूरवा आणि उर्वशी यांचा संवाद. तो मर्त्य राजा, ती अप्सरा. म्हणजे येथें दिव्यत्व स्त्रीकडे आहे. 'शतपथब्राह्मणां'त ती आधीं अटी घालते आणि अट मोडतांच निघून जाते. सूक्तांतला पुरूरवा विनवण्या करतो, मरणाची भाषा बोलतो. तरी ती परतत नाहीं. पुढें कालिदासानें 'विक्रमोर्वशीयां'त दोघांचें मीलन घडवून आणलें. रसिकांना तें हवेंच होतें. पण सूक्तांतल्या त्या नकाराचें तेज नाटकांत उरलें नाहीं.

याच प्रकाराची एक स्वस्त आवृत्ति हल्लीं मोबाइलवर प्रकरणाप्रकरणानें वाचली जाते. २००६ सालीं सुरू झालेल्या 'वॉटपॅड'सारख्या ठिकाणीं लांडग्यांच्या अशा कथा ढिगानें सांपडतात. भाषा बेताची, मुद्रणदोष विपुल. तेथें 'नाकारलेली जोडीदारीण' हा एक स्वतंत्र उपप्रकार आहे. दैवानें नेमलेला म्होरक्या भर सभेंत नायिकेला नापसंत करतो. ती मान खालीं घालून निघून जाते, दुसऱ्या मुलखांत कर्तबगार होते. मग तो पस्तावतो आणि तिच्या दाराशीं येतो. वाङ्मय म्हणून यांत फारसें कांहीं नाहीं. पण दाखवून नापसंत होण्याचा प्रसंग ज्या समाजांत कित्येक मुलींवर आला आहे, तेथें ही कथा कां वाचली जाते हें निराळें सांगावयास नको.

घरांत ही पुस्तकें येणारच असतील तर एक व्यावहारिक गोष्ट ठाऊक असावी. मास यांची पहिली कादंबरी 'अ कोर्ट ऑफ थॉर्न्स अँड रोझेस' २०१५ सालीं किशोरांच्या विभागांत प्रसिद्ध झाली होती. पुढील भागांतील शृंगार इतका उघडा आहे कीं, २०२० सालीं सर्व मालेला प्रौढ वाचकांसाठीं नवीं मुखपृष्ठें देण्यांत आलीं. तेव्हां बारा-तेरा वर्षांच्या मुलीला ती भेट म्हणून देऊं नये. मायर यांचे भाग मात्र शाळेच्या वयाच्या मुलींसाठींच लिहिलेले आहेत. त्यांत लपविण्याजोगें फारसें नाहीं. तिच्याशीं बोलावयाचेंच असेल तर तें चौथ्या भागांतील त्या तान्ह्या मुलीविषयीं बोलावें, आणि तिला स्वतःला त्याबद्दल काय वाटलें हें आधीं विचारावें.