वरच्या वर्गात कधी उतरवावं?

डॉग शोमध्ये कुत्र्याचा वर्ग मुख्यतः वयावरून ठरतो. एफसीआय या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमांनुसार ज्युनिअर वर्ग 9 ते 18 महिन्यांचा, इंटरमीजिएट 15 ते 24 महिन्यांचा आणि ओपन 15 महिन्यांपासून पुढे. वय शोच्या दिवशीचं धरतात. त्यामुळे 15 ते 18 महिन्यांच्या कुत्र्याला या तिन्ही वर्गांत उतरता येतं. नाव मात्र एकाच वर्गात द्यायचं.

घाई होते ती किताबापायी. सीएसीआयबी हे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र ज्युनिअरमध्ये मिळत नाही, इंटरमीजिएट आणि ओपनमध्ये मिळू शकतं. म्हणून पंधरावा महिना लागताच अनेक जण वरचा वर्ग गाठतात.

खरं तर कुत्र्याचं अंग बघून ठरवावं. ग्रेट डेनसारख्या मोठ्या जाती सावकाश भरतात. सोळाव्या महिन्यात उंची जवळपास पुरी असते, पण छाती कोपरापर्यंत उतरलेली नसते आणि चाल अजून सैल असते. ओपनमध्ये शेजारी चार वर्षांचा भरदार नर उभा राहिला, की हाच देखणा कुत्रा हडकुळा वाटतो. लहान जाती लवकर भरतात. त्यांना लवकर वर नेता येतं.

स्वभावही तपासा. परीक्षक ओठ उचलून दात बघताना कुत्रा मागे सरकत असेल, तर त्याला अजून सरावाची गरज आहे.

शंका असेल तर खालच्याच वर्गात ठेवावं. ओपनला वयाची वरची मर्यादा नाही. ज्युनिअरचे महिने मात्र परत मिळत नाहीत.