हातच्याची वजाबाकी समजून घेताना

५२ वजा २७ या गणिताचे उत्तर बरीच मुले ३५ लिहितात. दोनातून सात जात नाहीत, म्हणून ती सातातून दोन वजा करतात. इथे कच्ची असते ती स्थानिक किमतीची समज.

अशा वेळी दहा-दहा काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्ट्या काड्या मुलांपुढे ठेवाव्यात. एक गठ्ठा सोडला की चार गठ्ठे आणि बारा सुट्ट्या होतात. एकूण काड्या ५२च राहतात. त्यातून २७ काढल्या की २५ उरतात.

पुढे हेच चित्रात आणि मग अंकांत मांडावे. कृती, चित्र, चिन्ह हे टप्पे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेरोम ब्रूनर यांनी १९६०च्या दशकात मांडले. रीत शिकवायची ती त्यानंतरच.