उडता देवमासा आणि गच्चीवरचे छायाचित्रकार

१९९३ साली जपानच्या विमानतळांवर एक निळा देवमासा उतरू लागला. ऑल निप्पॉन एअरवेज या कंपनीने आपल्या एका जंबो जेटवर, म्हणजे बोइंग ७४७ वर, नाकापासून शेपटीपर्यंत समुद्र रंगवून घेतला होता. पन्नास कोटी प्रवाशांचा टप्पा गाठल्याबद्दल कंपनीने मुलांकडून चित्रे मागवली आणि त्यांतून बारा वर्षांच्या एका शाळकरी मुलीचे चित्र निवडले. 'मरीन जंबो' असे त्या विमानाचे नाव. विमानांची छायाचित्रे काढण्याचा छंद असणाऱ्यांना त्याने वेड लावले, आणि १९९५ मध्ये त्यावरचा समुद्र पुसलाही गेला. तो आज फक्त फोटोंतून दिसतो.

एका विमानावर एवढा रंग का ओतावा? पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्याला कोणता पक्षी मिळेल हे ऋतू आणि अधिवास ठरवतात. विमानांचे फोटो काढणाऱ्याला काय मिळेल हे बहुतांशी कंपन्यांमधील चढाओढ ठरवते. जपानचे उदाहरण यासाठी फार बोलके आहे.

१९७० च्या दशकाच्या सुरुवातीपासून जपान सरकारने देशाचे आकाश तीन कंपन्यांना जवळजवळ वाटून दिले होते. परदेशी मार्ग आणि देशातले मुख्य मार्ग जपान एअरलाइन्सकडे, देशांतर्गत मुख्य आणि स्थानिक मार्ग ऑल निप्पॉनकडे, तर मुख्यतः स्थानिक मार्ग तोआ डोमेस्टिककडे. १९८० च्या दशकाच्या मध्यावर ही वाटणी मोडीत निघाली. १९८६ मध्ये ऑल निप्पॉनचे विमान ग्वामला गेले, १९८७ मध्ये जपान एअरलाइन्सचे पूर्ण खासगीकरण झाले आणि १९८८ मध्ये तोआने 'जपान एअर सिस्टिम' असे नवे नाव घेतले. आता तिघीही एकमेकींच्या अंगणात उतरू शकत होत्या.

पण एक गोम होती. भाड्यांवर सरकारचे नियंत्रण कायम होते. ते पूर्णपणे सुटले २००० साली. एकाच गल्लीत तीन दुकाने आहेत आणि तिघांकडे साखर एकाच बांधलेल्या भावाने मिळते, अशी कल्पना करा. दुकानदार काय करील? पाटी रंगवील, दिवे लावील, मुलांच्या हातावर गोळी ठेवील. विमान कंपन्यांनी तेच केले.

पाटी मोठी असण्यालाही कारण होते. टोकियोच्या हानेदा विमानतळावर धावपट्ट्या मोजक्या, त्यामुळे उतरण्या-उडण्याच्या वेळाही मोजक्याच वाटून मिळत. फेऱ्या वाढवता येत नसतील तर एका फेरीत जास्त माणसे न्यायची. म्हणून बोइंगने खास जपानसाठी ७४७-४००डी हा प्रकार बनवला. त्यात साडेपाचशेच्या आसपास प्रवासी बसत. जगात इतरत्र जंबो महासागर ओलांडत होते; इथे ते टोकियोहून साप्पोरोला, दीड तासाच्या अंतरावर, एसटीच्या गाडीसारखे ये-जा करत.

हा प्रकार फोटोत ओळखायचा कसा? पंखांची टोके पाहायची. साध्या ७४७-४०० च्या पंखाच्या टोकाला वर वळलेली छोटी उभी फळी असते, तिला विंगलेट म्हणतात. पंखाखाली हवेचा दाब जास्त आणि वर कमी, त्यामुळे टोकाशी हवा खालून वर वळते आणि तिचा भोवरा तयार होतो. हा भोवरा विमानाला मागे ओढतो. विंगलेट त्याला काहीसा आळा घालते. परंतु हा फायदा तासन्‌तास एका उंचीवर उडताना जमा होतो. चढले न चढले तोच उतरायला लागणाऱ्या विमानाला विंगलेटचे जास्तीचे वजन परवडत नाही, म्हणून ७४७-४००डी ला ती नव्हती. बाजारातल्या चढाओढीचा परिणाम असा पंखाच्या टोकापर्यंत पोचतो.

तिघींत सर्वांत लहान जपान एअर सिस्टिम. तिने १९९० च्या दशकाच्या मध्यास आपल्या एमडी-९० विमानांची रंगसजावट सोपवली चक्क चित्रपट दिग्दर्शक अकिरा कुरोसावा यांच्याकडे. त्यांनी एक नव्हे, सात निरनिराळ्या रंगयोजना दिल्या. एकाच जातीच्या विमानाचे सात फोटो जमवायचे म्हणजे संग्राहकाला केवढे काम! मोठी कंपनी आपल्या ठराविक रंगांना सहसा हात लावत नाही. धाकट्या भावंडाला लक्ष वेधून घ्यावे लागते. ऑल निप्पॉनने १९९८ मध्ये पोकेमॉनची पात्रे रंगवलेली विमाने आणली. अशी विमाने कोणत्या फेरीला आहेत हे कंपनी आधी जाहीर करू लागली. ते प्रवाशांसाठी असले तरी छत्तीस फोटोंचे एकच रीळ घेऊन आलेल्या छायाचित्रकाराचा त्याने केवढा वेळ वाचला असेल!

रंगांमुळे छायाचित्रणाचा एक प्रश्नही उभा राहतो. कॅमेऱ्यातला प्रकाशमापक समोरचे दृश्य मध्यम राखाडी आहे, म्हणजे पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे १८ टक्के परत पाठवते, असे गृहीत धरतो. पांढऱ्याशुभ्र विमानाने चौकट भरली की तो फसतो आणि विमान मळकट येते. तिथे प्रकाश वाढवून द्यावा लागतो. गडद निळ्या देवमाशाच्या बाबतीत उलट, प्रकाश कमी करावा लागतो. वर्गात हे करून पाहण्यासारखे आहे. साध्या कॅमेऱ्याने आधी फक्त पांढरा कागद, मग फक्त काळा कागद चौकटभर घेऊन फोटो काढा. दोन्ही राखाडीकडे झुकलेले दिसतील.

प्रकाश कोणत्या बाजूने येतो हेसुद्धा स्पर्धेने ठरवावे, ही हानेदाची गंमत. १९९३ मध्ये तिथे नवी इमारत झाली, तिच्यात तिन्ही कंपन्या होत्या. २००४ च्या डिसेंबरात दुसरी इमारत उघडली आणि ऑल निप्पॉन तिकडे गेली. दोन्ही इमारतींवर प्रेक्षकांसाठी गच्च्या आहेत. पहिलीचे तोंड पश्चिमेकडे, दुसरीचे पूर्वेकडे, टोकियोच्या उपसागराकडे. म्हणजे सूर्य पाठीशी हवा असेल तर सकाळी जपान एअरलाइन्सची विमाने टिपायची आणि दुपारनंतर ऑल निप्पॉनची. ऊन चढू लागले की तापलेल्या धावपट्टीवरच्या हवेची घनता जागोजाग बदलते, प्रकाशकिरण वाकतात आणि दूरचे विमान पाण्यात पाहिल्यासारखे थरथरते, त्यामुळे सकाळच्या गच्चीला जरा झुकते माप.

अशी उघडी गच्ची नसेल तर नुसत्या चढाओढीचा उपयोग नाही. आपल्याकडे १९९४ मध्ये एअर कॉर्पोरेशन्स कायदा रद्द झाला. त्याच्या आगेमागे ईस्ट-वेस्ट, दमानिया, मोदीलुफ्त अशा कंपन्या नवनव्या रंगांत आल्या आणि थोड्याच वर्षांत मिटल्या. पण १९३७ च्या विमान नियमांनुसार सरकारी विमानतळावर लेखी परवानगीशिवाय फोटो काढायला बंदी होती. प्रवाशांना विमानातून फोटो काढण्याची मुभा मिळाली ती २००४ मध्ये. तोवर ते रंग आकाशातून निघून गेले होते.

जपानमध्ये रंग गेले ते वेगळ्या वाटेने. देशांतर्गत वाहतुकीत ऑल निप्पॉन पुढे होती. तिला गाठण्यासाठी जपान एअरलाइन्सने जपान एअर सिस्टिमशी हातमिळवणी केली. २००२ मध्ये दोघी एका छत्राखाली आल्या. कुरोसावांच्या सात रंगयोजनांवर हळूहळू जपान एअरलाइन्सचा पांढरा रंग चढला. चढाओढ संपली नव्हती, उलट ती तीव्र झाल्यामुळेच तिघींच्या दोघी झाल्या. छायाचित्रकाराच्या वाट्याला मात्र वैविध्य कमी आले. पुढे २०१० मध्ये जपान एअरलाइन्सचे दिवाळे निघाले, २०११ मध्ये तिचे जंबो गेले आणि २०१४ मध्ये ऑल निप्पॉनचे.

त्यानंतर चुरस हवाईच्या मार्गावर गेली. तिथे जपान एअरलाइन्सचे वर्चस्व जुने. ते मोडायला ऑल निप्पॉनने तीन प्रचंड एअरबस ए-३८० घेतली आणि त्यांच्यावर समुद्री कासवे रंगवली: आकाशाचे निळे, समुद्राचे हिरवे आणि मावळतीचे नारिंगी. निळे कासव २४ मे २०१९ रोजी नारिता विमानतळावरून होनोलुलूला निघाले. मग महासाथ आली, प्रवास थांबला. नारिंगी कासव प्रवासी घेऊन उडाले ते २०२३ मध्ये. नारिताच्या धावपट्टीच्या उत्तर टोकाशी साकुरा-नो-यामा नावाची टेकडीवजा बाग आहे. तिन्ही कासवांची जुळणी करू पाहणारे छायाचित्रकार तिथे तिपाया मांडून उभे असतात.